कोळी खेकड्याचं वर्गीकरण, फक्त नवशिक्यांसाठी

ज्यांनी आजवर खेकड्यांचं वर्गीकरण रश्श्यात जाणारे आणि रश्श्यात न जाणारे अशा दोनच गटांत केलं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ती जुनी पद्धत मुळीच वाईट नाही. तिच्यात वाद होत नाहीत, नावं बदलत नाहीत आणि निकाल अर्ध्या तासात ताटात येतो. शास्त्रीय पद्धतीत यांतली एकही सोय नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे शेवटच्या पायरीवर कोणी डोकं धरून बसणार नाही.

तरीही शिकायचंच असेल, तर कोळी खेकड्यापासून सुरुवात करावी. या मंडळींच्या अधिकुलाचं नाव माजॉइडिया. त्यात नऊशेच्या आसपास जाती आहेत; काही नखाएवढ्या, तर एक अशी की तिने पाय पसरले तर मुंबईतल्या खोलीत माणसांना उभं राहायला जागा उरणार नाही. या दोघांना एकाच घराण्यात का बसवलं, एवढं कळलं की बरंच कळलं.

साहित्य

कोळी खेकडा एक. भिंग, चिमटा, जुना टूथब्रश, परात, पेन्सिल आणि भरपूर खोडरबर. शाईचं पेन नको. का नको, ते कंसांच्या पायरीवर कळेल.

खेकड्यासाठी फार लांब जावं लागत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर ट्रॉलरचा माल उतरतो, तेव्हा कोळंबी, म्हाकुल, बांगडे बाजूला काढून झाल्यावर जो गाळसाळ उरतो त्यात नजर टाका. गोल गरगरीत, मखमली लव असलेलं अंग आणि त्याला लांब काटकुळे पाय, असं काही दिसलं तर तो बहुधा डोक्लिया. जून-जुलैत जाऊ नका, तेव्हा मासेमारीबंदी असते. खात्री करून घ्यायची म्हणून माल निवडत बसलेल्या मावशींना विचाराल, तर संवाद साधारण असा होईल :

"मावशी, हा कुठला खेकडा?"

"तो खायचा नाय, दादा."

"हो, पण नाव काय त्याचं?"

"खायचाच नाय, तर नाव कशाला ठेवायचं?"

हे उत्तर वहीत लिहून घ्या. किनाऱ्यावरच्या लोकांचं वर्गीकरण याच तत्त्वावर चालतं आणि आपल्या कामापुरतं ते अगदी काटेकोर असतं. चिंबोरी वेगळी, मुठा वेगळा, भरलेली कुर्ली वेगळी, अमावास्येची वेगळी आणि पौर्णिमेची पोकळ वेगळी. ज्याला भाव आहे त्याला नाव आहे. डोक्लियाला भाव नाही; तो खतात नाहीतर फिशमीलमध्ये जातो. मावशी तो तुम्हाला फुकट देतील. वर, हा माणूस याचं करणार काय, असं शेजारणीला विचारतील. तिकडे लक्ष देऊ नका.

पायरी पहिली : कोळी बाजूला काढा

खेकडा परातीत ठेवा आणि पाय मोजा. नांग्या धरून दहा भरले पाहिजेत. कोळ्याला आठ असतात. अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच सुटतो. उरलेल्या अर्ध्यांच्या खेकड्याचे दोन पाय जाळ्यात तुटलेले असतात. त्यांनी खुंट मोजावेत.

या खेकड्याला कोळी म्हणतात ते निव्वळ लांब पायांमुळे. नात्याचा संबंध नाही. एके काळी मात्र नातंही मानलं जायचं. लिनियसने १७५८ साली सगळ्या प्राणिसृष्टीची मांडणी केली, तेव्हा कोळी, विंचू, गोमा आणि खेकडे या सगळ्या बिनपंखी मंडळींना त्याने कीटकांच्या एकाच गणात कोंबलं. उत्तर अटलांटिकमधल्या एका कोळी खेकड्याला त्याने नाव दिलं 'कॅन्सर अरेनियस'. पहिला शब्द खेकड्याचा, दुसरा कोळ्याचा, म्हणजे कोणीच नाराज नको. आज तोच 'हायस अरेनियस' म्हणून ओळखला जातो आणि कोळ्यांशी त्याने केव्हाच काडीमोड घेतलेला आहे. आजच्या हिशेबाने कोळ्यांची शाखा कवचधारींपासून पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटली. कीटक मात्र कवचधारींच्याच वंशातून निघाले. त्यामुळे तुमच्या परातीतल्या खेकड्याचं नातं भिंतीवरच्या कोळ्यापेक्षा सिंकखालच्या झुरळाशी जास्त जवळचं ठरतं. हे जेवणाच्या टेबलावर सांगू नये.

शब्दांची अदलाबदल झाली तरी गडबड होते. कोळी खेकडा हा खेकडा आहे; खेकडा कोळी हा कोळी आहे आणि तो बागेत फुलावर दबा धरून बसतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर येणारा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा जो 'खेकडा' आहे, तो खेकडा नाहीच, तो कोळ्यांच्या बाजूचा पाहुणा. यांपैकी कोणी परातीत असेल तर ही मार्गदर्शिका मिटून ठेवावी.

पायरी दुसरी : राजाला बाहेर काढा

आता पुन्हा पाय मोजा. कंटाळू नका, वर्गीकरण म्हणजे पाय मोजणंच असतं. नांग्यांची एक जोडी आणि चालायच्या पायांच्या चार जोड्या स्पष्ट दिसल्या, तर तुमचा खेकडा खरा. चालायच्या तीनच जोड्या दिसल्या आणि चौथी पाठीच्या कवचाखाली कल्ल्यांपाशी कुठेतरी लपलेली असेल, तर तो किंग क्रॅब. अलास्का आणि कामचाटकाकडचा हा महागडा प्राणी दिसतो हुबेहूब काटेरी कोळी खेकड्यासारखा, पण घराण्याने शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबचा भाऊबंद. त्याच्या मादीचं पोट अजूनही एका बाजूला वाकडं असतं, ती जुन्या संसाराची खूण.

खेकडा नसलेल्याने खेकड्याचं रूप घ्यायचं, हा प्रकार उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा झालेला आहे. बोरॅडेल नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ साली त्याला 'कार्सिनायझेशन' असं भारदस्त नाव दिलं. नवशिक्याने एवढंच लक्षात ठेवावं की तोंडावळ्यावर जाऊ नये.

हा राजा बाजारातही त्रास देतो. स्पेनच्या गॅलिसियात 'सेंतोया' मागितलीत तर कोळी खेकडा मिळतो. तोच शब्द घेऊन स्पॅनिश मंडळी दक्षिण अमेरिकेत गेली आणि चिलीत त्याच नावाने किंग क्रॅब विकला जाऊ लागला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये उलट. तिथे कोळी खेकडे भरपूर सापडतात, पण 'स्पायडर' म्हटलं की स्थानिक गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं, त्यामुळे माल बहुतेक स्पेन-फ्रान्सला जायचा. ब्रेक्झिटनंतर ती वाट अवघड झाली, तेव्हा २०२१ साली मच्छीमारांनी त्याचं बारसं करून 'कॉर्निश किंग क्रॅब' असं नाव ठेवलं. म्हणजे खऱ्या खेकड्याला खप व्हावा म्हणून खेकडा नसलेल्याचं नाव. मिरकरवाड्याच्या मावशींना हे सांगितलं तर त्या हसणार नाहीत. डोक्लियाला काय नाव ठेवलं तर तो खपेल, याचा विचार करतील.

पायरी तिसरी : चोच आणि डोळे

आपल्या ओळखीची चिंबोरी आडवी, रुंद. कोळी खेकड्याचं कवच बहुधा लांबट, मागे फुगीर आणि पुढे निमुळतं होत गेलेलं. पुढच्या टोकाला चोच. कधी एक काटा, पुष्कळदा दोन. या चोचीवरूनच एकोणिसाव्या शतकात त्यांचा आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी काहींचा मिळून 'ऑक्सिऱ्हिंका' म्हणजे टोकदार चोचवाल्यांचा एक मोठा गट केलेला होता.

भारतापुरतं हे काम ज्यांनी केलं ते आल्फ्रेड अल्कॉक मूळचे डॉक्टर. १८८८ पासून 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण करणाऱ्या जहाजावर ते सर्जन आणि निसर्गतज्ज्ञ अशा दोन्ही हुद्द्यांवर होते. खलाशी धडधाकट असले की अशा डॉक्टरला खेकड्यांसाठी पुष्कळ वेळ मिळतो. पुढे कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक झाल्यावर त्यांनी १८९५ साली भारतीय समुद्रांतल्या चोचवाल्या खेकड्यांची जंत्री छापली. आपल्या खेकड्यांवर काम करणाऱ्याला आजही ती उघडावी लागते. कोळी खेकड्यांचे चार पोटगट पाडताना त्यांनी मुख्य भर दिला तो डोळ्यांवर. चोच काय, कोणालाही फुटते. पण डोळा संकटात कुठे लपवायचा, ही सोय ज्याच्या त्याच्या घराण्याप्रमाणे वेगळी.

म्हणून चिमट्याने डोळ्याचा देठ हलकेच मागे ढकला. मेलेल्याचाच. काहींत देठाला खोबणच नसते, तो उघड्यावरच राहतो. हे इनाकस मंडळींकडचं लक्षण. काहींत मागे एक कपासारखी कड असते आणि तिला टेकून डोळा अर्धामुर्धा सुरक्षित होतो. काहींत वर छत, खाली ओटा, मध्ये काटे असा बऱ्यापैकी बंदोबस्त असतो. ती माजा मंडळी. अर्धवट खोबण आणि पूर्ण खोबण यांच्यातली सीमारेषा कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर अभिनंदन. तो शंभर वर्षं अनेकांना पडलेला आहे.

चोचवाल्यांचा मोठा गट मात्र नंतर मोडीत निघाला. त्यातल्या पार्थेनोपिडी कुलाला चोच असली तरी नातं दुसरीकडचं निघालं.

पायरी चौथी : टूथब्रश खाली ठेवा

एव्हाना एक गोष्ट खटकली असेल. चोच पाहा, कवच पाहा, डोळे पाहा म्हणणं सोपं आहे. खेकड्यावर शेवाळ, स्पंजाचे तुकडे, हायड्रॉइडच्या झिपऱ्या आणि वाळू यांचं इतकं लेपण आहे की खेकडा कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो तेच कळत नाही. इथे प्रत्येक नवशिक्या टूथब्रश उचलतो. उचलू नका. आधी भिंग घ्या.

कवचावर, विशेषतः चोचीवर आणि पुढच्या पायांवर, बारीक केसांच्या रांगा दिसतील. त्या केसांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. पुष्कळ कोळी खेकड्यांत हे आकडे असतात, आणि अंगावरचा सगळा पसारा त्यांत अडकवलेला असतो. आपोआप चिकटलेला नसतो, अडकवलेला. खेकडा शेवाळाची फांदी नांगीने कात्रतो, तोंडाशी नेतो, टोक चावून खडबडीत करतो आणि मग अंगावर घासत राहतो, आकड्यांनी ती पकडेपर्यंत. नाही पकडली तर पुन्हा तोंडाशी नेतो, पुन्हा चावतो. नांग्या बारीक आणि लांब का, याचं उत्तर इथे आहे. त्या मारामारीपेक्षा शिवणकामाला जास्त उपयोगी पडतात. पाठीवरच्या नको त्या जागीही त्या पोचतात. चिंबोरीच्या दणकट डेंग्यांना हे जमायचं नाही.

हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतल्या प्रवाळांत राहणारा कॅम्पोशिया रेटुसा पायांवरही स्पंज लावून घेतो, आणि तो चालू लागला नाही तर तो प्राणी आहे हेच कळत नाही. हे खेकडे सामान कसंही निवडत नाहीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लिबिनिया डुबियाची पिल्लं डिक्टिओटा नावाचं एक तपकिरी शेवाळ हटकून निवडतात. त्या शेवाळात अशी रसायनं असतात की मासे त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे हे नुसतं वेषांतर नाही, वर कडू लेपही आहे. खेकडा मोठा झाला की सजावट सोडून देतो. तेव्हा कवचच पुरेसं असतं. कात टाकल्यावर जुन्या कवचावरचा पसारा उतरवून नव्यावर लावणारेही आहेत. सामान टाकून द्यायचं नाही, पुढे कामाला येतं, हा विचार कुठल्याही मराठी घरात पटेल.

वर्गीकरण करणाऱ्याची पंचाईत अशी, की ज्या लक्षणांवरून ओळखायचं ती लक्षणं झाकणं हाच ज्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्याला ओळखायचं आहे. आकडेदार केस कुठे आहेत आणि किती रांगांत आहेत, याची नोंद करा. केस हेच एक लक्षण आहे. मग घासा. घासताना जे निघेल ते वेगळ्या वाटीत ठेवा. त्यातले स्पंज ओळखण्यासाठी दुसरी मार्गदर्शिका लागते, आणि ती याहून वाईट आहे.

पायरी पाचवी : उताणा करा

हे तुम्हाला येतं. बाजारात खेकडा उताणा करून पोटावरचं झाकण अरुंद की रुंद हे आपण सगळेच पाहतो. अरुंद तो नर, रुंद ती मादी. फ्रेंच शास्त्रज्ञ दानिएल गिनो यांनी १९७०च्या दशकात हेच उताणं करणं जरा गांभीर्याने घेतलं. जननछिद्रं कुठे उघडतात, पायाच्या बुंध्यात की छातीच्या कवचात, यावरून त्यांनी खऱ्या खेकड्यांचे तीन मोठे विभाग पाडले. दोघांचीही पायात असतील तो एक विभाग, दोघांचीही छातीत तो दुसरा, आणि मादीची छातीत पण नराची पायात असा तिसरा. कोळी खेकडे या तिसऱ्यात, हेटेरोट्रिमाटात येतात. चिंबोरीही त्यातच येते, त्यामुळे या पायरीने तुमचं काम फारसं पुढे सरकत नाही. पण पाहुण्यांसमोर करून दाखवायला ही पायरी चांगली, किंवा पाहुणे लवकर जायला हवे असतील तर फारच चांगली.

पायरी सहावी : पिल्लं वाढवा

मोठे खेकडे फसवतात, पिल्लं फसवत नाहीत. अंड्यातून निघणारं पिल्लू खेकड्यासारखं दिसतच नाही. पाण्यात तरंगणारा, काट्याचा, मोठ्या डोळ्यांचा एक ठिपका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या ठिपक्याला स्वतंत्र प्राणी समजून 'झोइया' ही वेगळी प्रजाती जाहीर झाली होती, आणि त्याच्या पुढच्या अवस्थेला 'मेगालोपा' ही आणखी एक. एकाच जिवाचं तीन ठिकाणी नाव. आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्सनने १८३०च्या सुमाराला हे प्राणी पाण्यात पाळून दाखवलं, की बाबांनो, ही मुलं खेकड्यांचीच आहेत. तेव्हाही सगळ्यांनी लगेच मानलं नाही.

इथे कोळी खेकड्यांची खरी खूण सापडते. चिंबोरीसारख्या खेकड्यांच्या पिल्लांना झोइयाच्या चार, पाच किंवा त्याहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. कोळी खेकड्याचं पिल्लू दोनच झोइया अवस्थांत काम उरकतं आणि थेट मेगालोपा होतं. नखाएवढी जात घ्या नाहीतर खोलीभर पसरणारी, दोन म्हणजे दोन. चोच, डोळे, केस यांवर शंभर वर्षं भांडून जे जमलं नाही ते पिल्लांच्या इयत्ता मोजून जमलं. या घराण्याला एकत्र बांधणारा याहून भक्कम पुरावा नाही, असं माझं मत आहे. तो घरच्या परातीत मिळत नाही, एवढीच खोट.

दुसरी खूण उलट टोकाची. चिंबोरी वाढते, कात टाकते, पुन्हा वाढते. बहुतेक कोळी खेकड्यांना मात्र शेवटची कात असते. वयात येताना ती एकदा टाकली की संपलं. त्यानंतर वाढ नाही, नवं कवच नाही, तुटलेला पाय पुन्हा फुटणं नाही. उरलेलं आयुष्य त्याच अंगरख्यावर काढायचं.

काती टाकण्याचं दृश्य पाहायचं असेल तर मेलबर्नला. तिथे मुलाकडे किंवा मुलीकडे मुक्कामाला गेलेल्या ज्या आजी-आजोबांना मे ते जुलै या थंडीत कुठे जावं कळत नाही, त्यांनी पोर्ट फिलिप उपसागरावरच्या राय किंवा ब्लेअरगौरीच्या धक्क्यावर जावं. लेप्टोमिथ्रॅक्स गैमार्डी नावाचे कोळी खेकडे हजारोंनी उथळ पाण्यात येतात आणि एकमेकांच्या पाठीवर चढून ढीग करतात. मराठी माणसाला खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट नव्याने सांगायला नको. पण इथे पाय ओढण्याचा प्रकार दिसत नाही. कात टाकल्यावर कवच मऊ असतं, पाकट टपून बसलेले असतात, आणि गर्दीत आपल्यावर पाळी येण्याची शक्यता कमी. ढीग करण्याचं कारण बहुधा तेच. टोपलीची गोष्ट रचणाऱ्याने हे पाहिलं असतं तर आपल्या अनेक वक्त्यांची पंचाईत झाली असती.

पायरी सातवी : कंस

आता नाव लिहायची वेळ. इथे पेन्सिल.

सगळ्यांत मोठा कोळी खेकडा जपानचा. तिथे त्याला ताकाआशीगानी म्हणतात. नराच्या एका नांगीच्या टोकापासून दुसऱ्या नांगीच्या टोकापर्यंतचा पसारा ३.७ मीटरपर्यंत जातो आणि वजन १९ किलोपर्यंत. सुरुगा उपसागरात तो खोल पाण्यातून जाळ्यात येतो. त्याच्या किनाऱ्यावरचं हेदा हे गाव त्याच्या जेवणासाठी प्रसिद्ध, आणि उरलेल्या कवचावर राक्षसाचे मुखवटे रंगवण्यासाठीही. त्याचं शास्त्रीय नाव असं लिहितात : मॅक्रोकायरा केम्फेरी (तेम्मिंक, १८३६).

नवशिक्याला वाटतं, कंस म्हणजे नुसती जादा माहिती. नाही. हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयाचे संचालक तेम्मिंक यांनी हा खेकडा माजा या प्रजातीत घातला होता. त्याच संग्रहालयातल्या डे हान यांनी पुढे त्याच्यासाठी मॅक्रोकायरा ही नवी प्रजाती काढली. जातीचं नाव देणाऱ्याचा मान जात नाही, पण प्रजाती बदलली की त्याचं नाव कंसात जातं. कंस नसता तर तेम्मिंक पहिल्या फटक्यात बरोबर होते असा अर्थ झाला असता. एवढासा कंस, आणि आयुष्यभराचा शेरा. ज्यांच्या नावाने जात आहे ते केम्फर तर या वादात कुठेच नाहीत. ते १६९० ते १६९२ या काळात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच कंपनीचे डॉक्टर होते. खेकड्यांच्या इतिहासात डॉक्टरांचा सुळसुळाट फार आहे.

प्रजाती ठरली म्हणजे सुटलो असं नाही. कुल राहिलंच. सगळे कोळी खेकडे माजिडी या एकाच कुलात होते तोवर हाही तिथेच होता. मोठं कुल फुटलं, पोटकुलं कुलं झाली, आणि याला इनाकिडीत बसवलं गेलं. तिथेही तो नीट मावेना. आता त्याला मॅक्रोकायरिडी हे स्वतःचं कुल मिळालेलं आहे. बदली होत राहणाऱ्या सरकारी नोकराच्या रेशनकार्डासारखं, पत्ता खोडून वर नवा, माणूस मात्र तोच आणि सुरुगाच्या तळाशीच.

जवळच्या नातेवाइकांतही वाटण्या झाल्या आहेत. बर्लिनच्या हर्ब्स्ट नावाच्या पाद्रीबाबांनी १७८८ साली युरोपातल्या खाण्याच्या कोळी खेकड्याला जे नाव दिलं, त्यावरून तो आज माजा स्क्विनाडो. भूमध्य समुद्रातला आणि अटलांटिकमधला एकच, असं लोक धरून चालले. बाल्स यांनी १९२२ साली 'ब्रॅकिडॅक्टिला' हे नाव दिलेलं होतं, ते कोणी मनावर घेतलं नाही. १९९०च्या दशकात कवचं शेजारी ठेवून आणि पुढे डीएनए तपासून लक्षात आलं की जाती दोन आहेत. झालं! अटलांटिकच्या खेकड्यावर 'स्क्विनाडो' म्हणून लिहिलेले ढीगभर निबंध भलत्याच्या नावावर जमा झाले. निबंधांतली मापं बरोबर, निरीक्षणं बरोबर. फक्त शीर्षकातला प्राणी वेगळा. शाईचं पेन का नको, ते आता पटलं असेल.

नेहमीच्या अडचणी

*माझा खेकडा कोणत्याच कुलात बसत नाही.* आधी एपिअल्टिडीत बसवून पाहा. अल्कॉक यांच्या चार गटांतले दोन पुढे या एकाच कुलात आले, आपला डोक्लियाही सध्या त्यातच आहे. तिथे जागा बरीच आहे.

*मी कोळी खेकडा कधी खाल्लेलाच नाही, तर ओळखू कसा?* परदेशात राहणाऱ्यांनी खाल्लेला असण्याची शक्यता दाट आहे. बुफेत 'स्नो क्रॅब लेग्ज' म्हणून जे ठेवतात ते कायोनेसिटीस या प्रजातीतल्या कोळी खेकड्यांचे पाय. कुल ओरेगोनिडी. बाकी खेकडा बाजूला ठेवून पायच का विकतात, याचं कारण मावशींनी केव्हाच सांगितलं असतं : यात आहेत ते नुसते पायच.

*घरचे विचारतात, याचा उपयोग काय?* बेरिंग समुद्रातले स्नो क्रॅब २०१८नंतर काही वर्षांत १० अब्जांहून अधिक संख्येने नाहीसे झाले, आणि २०२२च्या हंगामात अलास्काने त्यांची मासेमारी पहिल्यांदाच बंद ठेवली. समुद्र तापला, तापलेल्या पाण्यात खेकड्यांची भूक वाढली आणि अन्न पुरलं नाही, असं संशोधकांनी काढलं. किती गेले हे सांगायला आधी कोण किती होते हे माहीत असावं लागतं, आणि ते मोजणारे लोक याच पायऱ्यांवरून गेलेले असतात. घरच्यांना एवढं पुरत नसेल तर खेकडा स्वयंपाकघराच्या परातीतून काढून दुसऱ्या भांड्यात ठेवावा. मूळ तक्रार बहुधा तीच असते.

*अरबी समुद्रात आपलं म्हणावं असं काही खास?* एन्सेफलॉइडिस आर्मस्ट्राँगी. कवच फुगलेलं, वळ्यावळ्यांचं, मेंदूसारखं. ओमानच्या बाजूला समुद्राच्या उतारावर जिथे पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो, तिथे तो दाटीवाटीने राहतो. मावशींकडे मात्र मागू नका.

*खेकडा मेलेला नव्हता आणि आता तो चालू लागला आहे.* दिशा पाहून ठेवा. खेकडा म्हणजे आडवा चालणार, हे आपण गृहीतच धरतो, पण कोळी खेकड्यांतले पुष्कळ जण पुढच्या दिशेनेही सहज चालतात. लिबिनिया इमार्जिनाटा तर बहुतेक वेळा सरळ पुढेच. लांबट कवच आणि पायांच्या सांध्यांची ठेवण त्याला ते जमवून देते. तुमचा परातीच्या काठाकडे तिरका न जाता नाकासमोर निघाला असेल, तर वहीत 'चाल : सरळ' असं पेन्सिलीने लिहा, आणि लिहून झाल्यावर त्याला पकडा.